वारस : निरंक

आज या पानावर मी पिकाबद्दल थोडेच लिहिणार आहे. आज एका खातेदाराबद्दल लिहायचे आहे. आपल्या गावचा ८-अ उघडून बघा, असा एखादा खातेदार सापडेलच. नाव एकट्याचे, खाली बायको नाही, मुले नाहीत. गावात त्याला कुणी ब्रह्मचारी म्हणते, कुणी सडाफटिंग म्हणते, आणि ज्याला काही म्हणायचे नसते तो ‘एकटा जीव सदाशिव’ म्हणून पुढे जातो. ग्रामसभेत त्याचे नाव निघत नाही, कारण त्याची कुणाशी भांडणे नसतात. योजनेच्या यादीतही ते मागेच राहते, कारण त्याच्यासाठी खेटे घालायला घरात दुसरे माणूस नसते.

मी ज्यांच्याबद्दल लिहितो आहे त्यांना गाव ‘नाना’ म्हणते. पूर्ण नाव छापू नका, अशी त्यांची अट आहे. गावाचे नावही देत नाही. शिरूर तालुक्याच्या पूर्व अंगाचे, चासकमान कालव्याच्या शेपटाकडचे गाव, एवढे पुरे. वय सत्तरीला टेकलेले. जमीन ३ एकर १० गुंठे, एक विहीर, दोन गाई, गावठाणात दोन खणांचे घर आणि रानात एक पत्र्याची खोली. गावात ख्रिस्ती घरे पंधरा-वीस, कौलारू देऊळ एक. त्या मंडळीतलेच नाना.

आमची ओळख ज्वारीमुळे झाली. चार वर्षांपूर्वी मी त्या सज्जात नवीन होतो. ज्वारीची शेतीशाळा घेतली. मी कृषी पदविका झालेला, बोलायला उत्साह फार. बीजप्रक्रिया सांगत होतो. काणी रोगासाठी एक किलो बियाण्याला ३०० मेश गंधक ४ ग्रॅम, नंतर अ‍ॅझोटोबॅक्टर २५ ग्रॅम. सगळे माना डोलवत होते. मागे बसलेले एक म्हातारे उठले आणि म्हणाले, “साहेब, गंधक आम्ही लावतोच. तुम्ही वाफ्यांचं सांगा. पाऊस पडतो तिथंच मुरला पाहिजे, नाही तर गंधक लावून करायचं काय?” मग त्यांनीच रान दाखवले. खरिपात रान मोकळे असतानाच दहा बाय दहा मीटरचे वाफे पाडलेले, पाणी जागच्या जागी जिरवलेले. विद्यापीठाची शिफारस हीच आहे. फरक इतकाच की मी ती पुस्तकात वाचली होती आणि नानांनी बांधावर राबवली होती.

उत्तरा निघाली की नाना वाफसा बघतात आणि पेरतात. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर ही आपली पेरणीची मुदत, ती ते चुकवत नाहीत. बियाणे घरच्या मालदांडीचे, स्वतः कणसे निवडून ठेवलेले. माझ्या आग्रहाने एका वर्षी निम्म्या रानात फुले सुचित्रा केली. मध्यम जमिनीला ती चांगली. कडबाही बरा निघाला. पण भाकरी मालदांडीचीच, असा त्यांचा निकाल आहे. त्यावर मी वाद घालत नाही. तुम्हीही घातला नसता.

आता कोळपणीचे घ्या. पहिली तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्याने, दुसरी पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने, तिसरी आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने. तिसरी बहुतेक जण सोडून देतात. भेगा बुजल्या नाहीत की ओल उडून जाते, हे माहीत असूनही सोडतात, कारण बैल राहिले नाहीत आणि मजूर मिळत नाही. नानांकडेही बैल नाहीत. ते दरवर्षी शेजारच्या माळकऱ्याकडून बैलजोडी घेतात आणि बदल्यात त्याच्या कांद्याच्या लागणीला चार दिवस जातात. सावड म्हणा, इर्जिक म्हणा. ज्याच्या घरात एकच माणूस आहे त्याची शेती यावरच चालते. ज्वारीची काढणी म्हणजे उपटणे, पेंढ्या बांधणे, कणसे खुडणे. एकट्याच्या हातून होणारे ते काम नाही. म्हणूनच तर आपल्या भागातली ज्वारी उसाने आणि कांद्याने खाल्ली. नानांची टिकली, कारण वर्षभर त्यांचे हात दुसऱ्याच्या रानात फिरलेले असतात आणि काढणीला ते परत येतात.

या माळकऱ्याचे आणि नानांचे गणित मला फार आवडते. शेजपाळीत नानांच्या चारीची पाळी कधी कधी रविवारी येते. रविवारी सकाळी नाना दारे धरत नाहीत, उपासनेला जातात. त्या दिवशी माळकरी त्यांचे पाणी धरतो. आषाढी वारीला माळकऱ्याची दिंडी निघाली की त्याच्या गाईंची धार नाना काढतात. तुकोबांची पालखी यवतला मुक्कामी येते, तिथे पिठले-भाकरीचा बेत असतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. एका वर्षी नाना दौंडला जाता जाता यवतला उतरले, माळकऱ्याला त्याची विसरलेली औषधाची पुडी दिली, पिठले-भाकरी खाल्ली आणि मग पुढच्या गाडीने गेले. हे त्यांनी मला सांगितले नाही, माळकऱ्याने सांगितले.

लग्नाचे काय, असे मीही एकदा विचारले. विचारायला नको होते. सज्जातले आणखी दोघे जण समोर होते, आणि मी थट्टेच्या सुरातच विचारले होते. नाना म्हणाले, “बहात्तर सालानं लग्न खाल्लं, साहेब.” नंतर कधीतरी बांधावर बसून त्यांनी ते उलगडले. १९७२ चा दुष्काळ. नाना पंधरा वर्षांचे. वडील आधीच वारलेले, मागे आई आणि तीन धाकट्या बहिणी. खडी फोडायच्या कामावर मायलेक जायचे. सुकडी मिळायची, रेशनवर तांबडा मिलो मिळायचा. त्यांच्या रानावरच्या पाझर तलावाची मातीही त्यांनीच वाहिली आहे. पुढे एकेका बहिणीचे लग्न करत, कर्ज फेडत, विहिरीला पाणी लागायची वाट बघत वर्षे गेली. धाकटीचे लग्न झाले तेव्हा नाना अडतिशीचे होते. “मग आईचं दुखणं निघालं. मग राहूनच गेलं.” एवढेच. त्यात तक्रार नव्हती, आणि मोठेपणाही नव्हता.

केडगावची वाट

आपल्याकडे ख्रिस्ती शेतकरी म्हटले की लोकांना वसई आठवते, नाही तर नगर जिल्हा. पण शिरूर-दौंडची ही गोष्ट जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये नगरला सुरू झाले आणि १८४१ च्या सुमारास शिरूरला, म्हणजे घोडनदीला त्यांचे ठाणे झाले. रेव्हरंड विन्सर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिरूरला औद्योगिक शाळा चालवली. तिथे सुतारकामाबरोबर घायपाताचा वाख काढायचे काम होते. बांधावर उगवणाऱ्या घायपातापासून दोर वळून पोट भरता येते, हा विचार कोरडवाहू भागाला अगदी धरून होता. पुढे १९७० मध्ये वेगवेगळ्या मिशनांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च झाले. नानांचे देऊळ त्यातलेच.

(जाता जाता सांगतो. घोडनदीला कर्नल वॉलेस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे. तो १८०९ मध्ये वारला. गावच्या लोकांनी त्याला ‘सत्पुरुष’ केले आणि सुगीत नैवेद्य दाखवायला सुरुवात केली, अशी नोंद जुन्या पुणे गॅझेटियरमध्ये सापडते. माणूस कुठल्या धर्माचा, हे आपला शेतकरी सुगीच्या दिवशी विचारत नाही.)

नानांची आजी केडगावची. म्हणजे माहेर केडगावचे असे ते सांगतात, पण ते माहेर म्हणजे पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणलेल्या मुलींपैकी ती एक. एकदा नाना मला केडगावला घेऊन गेले. पुणे-दौंड लोहमार्गावरचे आपले केडगाव स्टेशन. बेटावरच्या नारायण महाराजांमुळेही ते गाव तुम्हाला माहीत असेल.

रमाबाईंचे शिक्षणातले काम शाळेच्या पुस्तकात असते. त्यांची शेती कुणी सांगत नाही. म्हणून ती मी इथे सांगतो. रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईला शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. अमेरिकेतल्या मदतनीस मंडळाने दहा वर्षे पैसे द्यायचे कबूल केले होते. ती मुदत १८९८ मध्ये संपणार होती. मदत थांबल्यावर संस्था कशावर चालायची, हा हिशोब रमाबाईंनी आधीच केला आणि केडगावला सुमारे १०० एकर जमीन घेतली. हेतू फळबागेचा. आंबा, संत्रे, लिंबू लावायचे आणि त्या उत्पन्नावर सदन चालवायचे. अनुदान संपायच्या तीन-चार वर्षे आधी बाग लावणारा माणूस मी माझ्या नोकरीत अजून पाहिलेला नाही. आपण अनुदान आले की लावतो आणि संपले की तोडतो.

त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, म्हणून त्यांना केडगावच्या रानातच ठेवावे लागले. १९०० पर्यंत तिथे सुमारे दोन हजार माणसे झाली. विहिरी खोदल्या. भाजीपाला, धान्य, दुभती जनावरे, तेलाचा घाणा, हातमाग, छापखाना, सगळे उभे राहिले, आणि ते चालवणाऱ्या बहुतेक बायका. त्यातल्या काहींची लग्ने झाली, नानांच्या आजीसारखी. ज्यांची झाली नाहीत, किंवा ज्यांनी केली नाहीत, त्या तिथेच राहिल्या आणि मोट, गोठा, खुरपणी, घाणा यांत त्यांचा जन्म गेला. त्यांच्यातल्या बहुतेकींची नावे आपल्याला माहीत नाहीत.

एक नाव माहीत आहे. रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा. जन्म १८८१ चा. शिकलेली, परदेशात राहून आलेली. तिने लग्न केले नाही. आईबरोबर शाळेचा आणि संस्थेचा भार वाहिला आणि २४ जुलै १९२१ रोजी, चाळिशीत, ती गेली. रमाबाई त्यानंतर वर्षभरही राहिल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या. मूळ भाषांवरून केलेले त्यांचे मराठी बायबल केडगावच्याच छापखान्यात छापले गेले.

केडगावच्या आवारात नाना एका झाडाखाली बराच वेळ उभे होते. मी विचारले, “काय बघताय, नाना?” ते म्हणाले, “आजी सांगायची, इथं कुणी एकटं नव्हतं. लगीन नाही म्हणून कुणी एकटं नव्हतं.” आणि मग स्वतःच पुढे म्हणाले, “इथं घंटा वाजली की ताट मिळायचं. आपल्याकडं ताट आपणच वाढायचं.”

मी ते तेव्हा हसण्यावारी नेले.

दोन वेळचे दूध

२०२५ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर तुम्ही विसरला नसाल. शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूतच्या बाजूला बिबट्याच्या हल्ल्यात माणसे दगावली. त्यात लहान लेकरेही होती. आमच्या भागातही पाऊलखुणा दिसल्या. शेतीची वीज रात्रीच्या पाळीची असेल तर दारे धरायला रात्रीच जावे लागते. ज्याच्या घरात चार पुरुष आहेत ते बॅटऱ्या, काठ्या, फटाके घेऊन जातात. नाना एकटे कुणाबरोबर जाणार? त्यांनी महिनाभर रात्रीचे पाणी बंद ठेवले. ज्वारी ओलीवर निभावली, कांदा मात्र बसला. मी सौर पंपाचा अर्ज भरायला सांगितले. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत दिवसा पाणी मिळते. शेतकऱ्याचा हिस्सा सर्वसाधारण गटाला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. नानांचे आजे-पणजे ज्या वस्तीतून आले त्या वस्तीतल्या इतरांना ५ टक्के आणि नानांना १०, कारण १९५० च्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीत धरला जात नाही. हा नियम मी केलेला नाही आणि बदलणेही माझ्या हातात नाही. पण बांधावर बसून तो समजावून सांगायचे काम माझेच होते. नानांनी ऐकून घेतले आणि पैशाची सोय बघतो म्हणाले.

अर्ज भरताना घरच्या माणसांची माहिती मी नेहमी माझ्या वहीत उतरवून घेतो. घरातील व्यक्ती : १. वारस : निरंक. हे मीच लिहिले, माझ्या अक्षरात.

पुढे यंदाच्या जानेवारीत एका सकाळी नाना गोठ्यात पडले. गाईने ढुशी दिली की पाय घसरला, हे त्यांनाही नीट आठवत नाही. खुबा मोडला. उठता येईना. मोबाईल खोलीत, खोली वीस पावलांवर. माळकरी पाव्हण्यांच्या लग्नाला गेलेला. दुपार गेली, संध्याकाळ गेली, रात्र गेली. थंडी किती होती ते तुम्हाला आठवत असेल. नानांनी कडब्याच्या दोन पेंढ्या अंगावर ओढून घेतल्या. गाई हंबरत होत्या, कारण धार निघाली नव्हती.

त्यांना कुणी वाचवले? आम्ही नाही. गावच्या दूध संकलन केंद्रावर एक विशीतला पोरगा वजनकाट्यावर बसतो. नानांचे दूध म्हणजे सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी सहा. घड्याळ लावून घ्यावे असे. पहिल्या दिवशी सकाळचे दूध आले नाही, तेव्हा त्याला वाटले देवळात काही काम असेल. संध्याकाळचे आले नाही, तेव्हा तो चुळबुळला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता काटा दुसऱ्याच्या हाती देऊन तो मोटारसायकलने रानात गेला. जवळजवळ चोवीस तास नाना तिथे पडून होते.

दवाखान्यात नेल्यावर पहिला प्रश्न, सही कोण करणार? नाते काय? पोरगा म्हणाला, “मी दूध घेतो त्यांचं.” हे उत्तर कागदावर बसत नाही. तोवर पाळकसाहेब आले, रांजणगावला कंपनीत असलेला भाचा आला, सही झाली, शस्त्रक्रिया झाली. मंडळीतल्या बायकांनी आळीपाळीने डबा नेला. माळकऱ्याने परत आल्यावर गाई स्वतःच्या गोठ्यात बांधल्या आणि दुधाचे पैसे नानांच्या खात्यावरच जमा करायला लावले. मी दोनदा गेलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा नानांनी उशीखालून एक घडी केलेला कागद काढला. त्यावर एक ओळ. माझ्यामागे माझी शेती मंडळीला द्यावी.

कागदाचे काम

इथे माझी चूक सांगतो, म्हणजे तुमच्याकडून ती होणार नाही. मी म्हणालो, “नाना, अगदी सोपं आहे. मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, दोन साक्षीदार हवेत.” यातले प्रत्येक वाक्य खरे आहे. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदारांच्या समोर सही झाली पाहिजे. तरीही माझा सल्ला चुकीचा होता, कारण शेतजमीन ही पितळेची घागर नव्हे.

आपल्या राज्यात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देता येत नाही. १९४८ च्या कुळकायद्याचे कलम ६३ आपल्याला पाठ आहे, पण आपण ते फक्त खरेदीखतालाच लावतो. मृत्युपत्राला ते लागत नाही असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटायचे. गुजरातचा कुळकायदा आणि आपला एकाच मुळाचे, जुन्या मुंबई राज्याचे. गुजरातमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले की बिगरशेतकऱ्याला मृत्युपत्राने शेतजमीन देणे हेही हस्तांतरच आहे आणि त्याला बंदी लागू आहे. म्हणजे नानांनी मंडळीच्या नावाने कागद केला असता तरी पुढे फेरफाराच्या वेळी तो अडकला असता, आणि तेव्हा सांगायला नाना नसते. देवस्थान असो, मठ असो, शाळा असो की चर्च, जमीन द्यायची तर आधी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा विचार करा आणि वकिलांना विचारा. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल तर त्याचे निर्बंध आणखी वेगळे.

एक जुनी अडचण मात्र दूर झालेली आहे. ख्रिस्ती माणसाचा वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने चालतो. त्यातल्या कलम ११८ प्रमाणे ज्याला पुतण्या-भाचा किंवा जवळचे नातेवाईक आहेत त्याने धर्मादाय कामाला काही द्यायचे तर मरणाच्या निदान १२ महिने आधी मृत्युपत्र करायचे आणि ते सहा महिन्यांत सरकारी ठेवीत ठेवायचे, असे जाचक बंधन होते. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केले. तेव्हा नाना त्यांचे गावठाणातले घर, बँकेतली ठेव, गाई हे मंडळीला मोकळेपणाने देऊ शकतात.

कागद केलाच नाही तर काय? नानांना आईवडील नाहीत. मग सगळे बहिणींना समान, आणि एखादी बहीण आधी गेली असेल तर तिचा वाटा तिच्या मुलांना. मधली बहीण गेलेली आहे, तिला चार मुले. म्हणजे ३ एकर १० गुंठ्यांवर सहा नावे चढणार. सहाही नावे पुणे, रांजणगाव, नगर इथे नोकरीला. तलाठी भाऊसाहेब (आता तुम्हाला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे), असे सातबारे तुमच्याकडे किती पडून आहेत ते तुम्हीच सांगा. हिंदू, बौद्ध, जैन, शीख खातेदारांना १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू. तिथे अविवाहित पुरुषाची आई जिवंत असेल तर पहिला हक्क तिचा, मग वडील, मग भाऊ-बहिणी. मृत्युपत्र करायची मुभा सर्वांनाच आहे.

आणखी दोन गोष्टी, ख्रिस्ती वाचकांसाठी. ज्याला काही द्यायचे आहे त्याला किंवा त्याच्या बायकोला साक्षीदार करू नका, नाही तर त्याला दिलेले बाद होते. म्हणून दुधाच्या पोरग्याला साक्षीदार घ्या, भाच्याला नको. दुसरी गोष्ट, मृत्युपत्र केल्यावर माणसाने लग्न केले तर ते मृत्युपत्र आपोआप रद्द होते. हे मी नानांना वाचून दाखवले तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या त्यांना इतके हसू आले की खुबा धरून त्यांनी मला हाताने थांबवले. “म्हंजे आता त्या कागदापायी तरी लगीन करता यायचं नाही!”

योजनांच्या बाबतीत एकट्या खातेदाराने एवढे बघावे. बँक, सोसायटी, दूध खाते या तिन्ही ठिकाणी नामनिर्देशन करून ठेवा. बहुतेक खात्यांवर ते वारलेल्या आईच्या नावाचे असते, नानांचेही होते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूनंतर २ लाख रुपये मिळतात, पण पत्नी-मुले नसतील तर इतर कायदेशीर वारसाला ते सिद्ध करावे लागते. भाऊ-बहिणी, भाचरे यांची नावे-पत्ते निदान एका कागदावर लिहून पोलीस पाटलांकडे द्या. दवाखान्यात सही कोण करणार, त्याचा नंबर दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहा. नानांच्या दारावर आता तीन नंबर आहेत. भाच्याचा, पाळकसाहेबांचा आणि माळकऱ्याचा. दूध केंद्रातल्या पोरग्यानेही स्वतःच एक वहीचे पान लावले आहे. गावात एकटे राहणारे सात दूध उत्पादक आहेत, चार बायका, तीन पुरुष. त्यांचे एक वेळचे दूध चुकले की तो फोन करतो. यासाठी कुठला शासन निर्णय निघाला नाही. तुमच्या गावच्या केंद्रावर हे उद्याही सुरू करता येईल.

नाना आता वॉकर धरून अंगणात येतात. यंदाची ज्वारी त्यांनी उपटली नाही, माळकरी, भाचा आणि मंडळीतली दहा-बारा माणसे अशी इर्जिक होऊन दोन दिवसांत निघाली. नाना बांधावर खुर्ची टाकून बसले होते. कणसे निवडायचे काम त्यांनी कुणाला दिले नाही. मालदांडीची बियाण्याची कणसे त्यांच्या पुढ्यात आणून ठेवायची, ते दाणा दाबून बघायचे, बाजूला ठेवायचे किंवा परत द्यायचे. पिकातला पहिला वाटा देवळात न्यायचा त्यांच्या मंडळीत सण असतो, त्यासाठी पाच पायल्या आधीच मोजून ठेवल्या आहेत.

घर आणि ठेव मंडळीला, असा कागद झाला, दुय्यम निबंधकांकडे नोंदही झाली. शेतीचे मात्र अजून ठरत नाही. धाकट्या बहिणीचा मुलगा नोकरी सोडून येतो म्हणतो. त्याच्या वडिलांच्या नावे सातबारा आहे, म्हणजे कायद्याची अडचण दिसत नाही, तरी वकिलांना विचारले आहे. नाना म्हणतात, त्याने आधी एक वर्ष येऊन दाखवावे. उत्तरेत पेरावे, तिन्ही कोळपण्या कराव्यात, आठव्या आठवड्याची सोडू नये. मग बघू. तोवर माझ्या वहीतली ती ओळ मी खोडली आहे आणि ती जागा कोरी ठेवली आहे.